शेवटच्या तारखेचं घर

पिवळी चिठ्ठी चौकोनी असते, पण तिचा डावीकडचा वरचा कोपरा कधीच नीट चिकटत नाही. कारण साधं आहे. दह्याचा डबा थंड असतो, दुकानातली हवा त्यापेक्षा उबदार आणि दमट. त्यामुळे झाकणावर बारीक दव धरतं, आणि ओल्यावर गोंद बसत नाही. त्यातून चिठ्ठी लावणारी मुलगी अंगठा मधून उजवीकडे फिरवते, म्हणून डावा कोपरा राहून जातो. घरी येईपर्यंत तो वर उचलला जातो. आमचा फ्रिज उघडला की सगळ्या डब्यांवरचे हे कोपरे हवेने जरासे हलतात. नव्या माणसाला वाटेल, वर्गातली मुलं हात वर करून काहीतरी विचारतायत.

काय विचारतायत ते मला पाठ आहे. आज आमचं काय करणार?

आमच्या घरात चिठ्ठी नसलेली वस्तू येत नाही. ज्या मालाची तारीख संपत आली, त्याची किंमत दुकानदार उतरवतो आणि तशी पिवळी चिठ्ठी लावतो. दुकान बंद होईपर्यंत माल गेला तर गेला, नाहीतर मागच्या दाराच्या कचरापेटीत. माझा नवरा या कचरापेटीचा जन्माचा वैरी आहे. पैसे वाचवायला तो हे करत नाही हे आधीच सांगते, कारण सगळ्यांना तसंच वाटतं, आणि त्याला त्याचं फार लागतं. त्याचं म्हणणं असं की दह्याचा एक डबा फेकला म्हणजे नुसतं दही फेकलं जात नाही. गाईचा चारा, पाणी, ट्रकचं डिझेल, शीतगृहाची वीज, सगळं त्याच्याबरोबर फेकलं जातं; आणि ते कुजताना जो वायू सुटतो तो वरकड. यात चूक काहीच नाही. हे सगळे आकडे मीच त्याला दिलेले आहेत, आणि दुखणं तेच आहे. चुकणाऱ्या माणसाशी भांडता येतं. बरोबर असलेल्या माणसाबरोबर संसार करणं फार जिकिरीचं.

केळी तो घडातली घेत नाही. लोक घड मोडून हवी तेवढी नेतात, मागे एखादंच केळं उरतं, आणि त्या एकट्या केळ्याला कुणी हात लावत नाही. माझा नवरा अशी केळी गोळा करतो. आमच्या टोपलीत वेगवेगळ्या घरची, वेगवेगळ्या वयाची केळी वसतिगृहातल्या पोरांसारखी पडलेली असतात, आणि ती कधीही एकाच दिवशी पिकत नाहीत. गाजरं दोन पायांची. अंडी ज्या खोक्यात एक फुटलेलं असतं त्यातली. सामान आणायची पिशवी त्याच्याच जुन्या पँटची शिवलेली, बाहेरून खिसा तसाच ठेवलेला, त्यात तो दुकानाची पावती घालतो. ती पिशवी खांद्याला लावून तो रस्त्याने चालला की मागून बघणाऱ्याला क्षणभर वाटतं, हा स्वतःचाच एक पाय पाठीवर टाकून निघालाय.

"काय खावंसं वाटतंय?" हा प्रश्न आमच्या घरातून कधी गेला ते मला आठवत नाही. त्याच्या जागी "काय संपवायचंय?" आला. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, प्रयोगशाळेत, मी एक ताजं सफरचंद ठेवते. दुपारी खण उघडते, आवाज न करता खाते, आणि मधला गाभा कागदात गुंडाळून लांबच्या पेटीत टाकते. माझ्या हाताखालच्या मुलीने एकदा पाहिलं. "मॅडम, डाएट का?" म्हणाली. मी हो म्हणून मोकळी झाले.

मी दूध-दह्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तयार माल आम्ही ठरावीक तापमानाच्या कपाटांत ठेवतो आणि दर काही दिवसांनी एकेक डबा उघडतो. आंबटपणा मोजतो, यीस्ट आणि बुरशी किती वाढली ते मोजतो, चव घेतो. यावरून त्या मालावर कुठली तारीख छापायची ते ठरतं. माझी नणंद याला "आमची भावजय दह्याचं मरण ठरवते" म्हणते. खरं म्हणजे बहुतेक तारखा मरणाच्या पुष्कळ अलीकडे छापलेल्या असतात. कुणाला जोखीम नको असते, म्हणून प्रत्येक जण थोडी थोडी अलीकडे ओढतो. मागच्या वर्षी मी सलग चाचण्या करून दाखवून दिलं की आमचं दही छापलेल्या तारखेनंतरही बराच काळ उत्तम राहतं. कंपनीने तारीख पुढे नेली. दुकानांतून परत येणारा माल एकदम घटला. मला इतका आनंद झाला होता की मी घरी येताना गुणगुणत होते.

नवरा त्या आठवड्यात रिकामी पिशवी घेऊन आला.

"तुमचं दही आता चिठ्ठीत येतच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे चांगलंच ना?"

"चांगलंच. पण मग मी दही कुठून आणू?"

"चिठ्ठी नसलेलं आण."

शेजाऱ्याचं कुलूप फोडायला सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

त्याच कामामुळे मुख्य कार्यालयाने मला विचारलं. दुसऱ्या शहरात नवी प्रयोगशाळा उभी राहणार होती. दूध, चीज, क्रीम, लोणी, सगळ्या मालाच्या तारखा नव्याने तपासायच्या, आणि सगळं माझ्या हाती. मला जायचं होतं. इथे हे तीन शब्दांत लिहिता आलं. घरात मी ते असं एकदाही बोलले नव्हते. घरात मी म्हणाले होते, "तुला काय वाटतं?" आणि नवरा म्हणाला होता, "बघू."

तो घरांचे नकाशे काढतो. कॉम्प्युटरवर काढतो आणि पाठवून देतो. त्याला एक टेबल, एक खुर्ची आणि खिडकीकडे पाठ एवढंच लागतं. मुलाच्या शाळेचा प्रश्न नाही, कारण मूल नाही. सासू-सासरे नाहीत. एक नणंद आहे, तिला कुणी सांभाळावं लागत नाही; उलट तीच चारचौघांना सांभाळते. म्हणजे त्या "बघू"ला कुठलंही कारण लावून बघायची सोय नव्हती. "बघू" हा असा डबा आहे की ज्याच्यावर तारीखच नाही.

मी विषय काढला की नेमकं काहीतरी मरायला टेकलेलं असायचं. एकदा मी म्हणाले, "जरा बसतोस का, बोलायचंय," तर तो बसला आणि लगेच उठला. "अगं, दूध! आत्ता चीज केलं नाही तर गेलं." दुसऱ्यांदा पालक पिवळा पडत होता. एकदा चक्क कोथिंबिरीच्या जुडीने माझं वाक्य मध्ये तोडलं. कळवायची मुदत आली आणि गेली. मुख्य कार्यालयातल्या मोठ्या मॅडमचा निरोप आला की हरकत नाही, सावकाश विचार करा. ती दुसरी मुदतही गेली, आणि पुन्हा तसाच निरोप आला. मी वेळ मागितला नव्हता. मॅडम समजूतदार आहेत असं मी मनाशी म्हटलं. मग तिसरा निरोप आला की शनिवारी संध्याकाळी मॅडम स्वतः फोन करतील, आणि त्यानंतर थांबता येणार नाही.

शनिवारी दुपारी नणंद जेवायला आली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. साऱ्या जगाकडे ती बाजूच्या सीटवरून, स्वतःच्या पायाखाली वेगळा ब्रेक असल्यासारखी बघते.

"आज काय?" हात धुता धुता तिने विचारलं.

"मशरूम," मी म्हणाले.

"आणि?"

"क्रीम."

"आणि?"

"मशरूम जास्त झाले होते, ताई."

"ताजं काही आहे का?"

"तुम्हीच."

ती हसली, आणि मग भावाकडे वळली. "धाकट्या, मागच्या शनिवारी कोबी. त्याच्या आधीच्या शनिवारी कोबी. मी इथे जेवायला येते की कचरापेटीची बदली कामगार म्हणून?"

"ताई, तो सगळा कोबी वाचला," नवरा मनापासून म्हणाला.

"तो वाचला रे. माझ्या पोटाचं काय झालं ते विचार. सोमवारी एक पोरगा गाडी रिव्हर्स घेत होता, आणि त्याला वाटलं इंजिनातून आवाज येतोय."

नवऱ्याने तिला आणखी मशरूम वाढले. तिने ताट मागे ओढलं, पण उशीर झाला होता.

"बरं, तुमचं ठरलं का?" तिने विचारलं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पातेल्याकडे पाहिलं.

"बघू," तो म्हणाला.

"काय बघू? केव्हापासून बघताय? माझ्याकडे येतात अशी माणसं. गाडी गिअरमध्ये टाकतात, आणि मग क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून बसतात. इंजिन बंद पडत नाही, गाडी पुढेही जात नाही. मागे हॉर्नचा नुसता गलका. तुमचं दोघांचं तसं चाललंय."

"दोघांचं कसं? मी तर..." मी म्हणाले.

"एकाचा पाय ब्रेकवर, एकीचा क्लचवर. कुणाचा कुठे ते मी सांगणार नाही. मला पुढच्या शनिवारीही इथेच जेवायचंय. म्हणजे, जेवायचं असं नाही, पण यायचंय."

"आज मॅडमचा फोन येणार आहे," मी म्हणाले. "आज सांगावंच लागेल."

"अरे बापरे, स्ट्रॉबेरी!" नवरा उठलाच. "खालच्या कप्प्यात आहेत, सकाळी बघितल्या तेव्हाच एकीला पांढरं आलं होतं." तो फ्रिजपाशी उकिडवा बसला आणि चांगल्या स्ट्रॉबेरी एका वाटीत, जरा लागलेल्या दुसऱ्या वाटीत वेगळ्या करू लागला. त्याची बोटं फार हळुवार चालतात. असं काही करताना तो मला आवडतो, आणि त्याच वेळी ती वाटी उचलून त्याच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटते.

नणंद माझ्या कानाशी वाकली. "हा माणूस जागेवर स्थिर कधी असतो गं?"

मी विचार केला. झोपेत, अर्थात. आणि दुसरी एकच जागा होती. संध्याकाळी, दुकानात, थंड कपाटासमोर, चिठ्ठीवालीची वाट बघताना.

"मी येते आज तुझ्याबरोबर," मी त्याला म्हणाले.

"दुकानात? तू?" तो इतका खूश झाला की मला अपराधी वाटायला लागलं.

नणंदेने आम्हाला तिच्या शिकवणीच्या गाडीतून नेलं. त्या गाडीत ब्रेकचे दोन संच आहेत. ती स्वतः चालवत असली की बाजूच्या माणसाला दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवू देत नाही. नवरा पुढे बसला होता आणि पूर्ण रस्ताभर पाय पोटाशी घेऊन बसला होता. मांडीवर पँटची पिशवी.

थंड कपाटासमोर नेहमीची मंडळी जमलेली होती. मी त्यांच्याबद्दल घरी इतकं ऐकलं होतं की ओळख करून द्यायची गरज पडली नाही. उंच, बारीक डोळ्यांची बाई म्हणजे घार. ती चिठ्ठी लागायच्या आधीच माल हेरून ठेवते आणि ट्रॉली अशी आडवी लावते की दुसऱ्याचा हात पोचू नये. गळ्याला मफलर गुंडाळलेला माणूस म्हणजे प्राध्यापक. तो कुठलाही प्राध्यापक नाही, पण प्रत्येक वस्तूबद्दल व्याख्यान देतो. सगळे एकमेकांशी अगदी सौजन्याने बोलत होते, आणि बोलताना कुणाचीही नजर कपाटावरून हलत नव्हती.

"आज उशीर दिसतोय," प्राध्यापक म्हणाला.

"नवीन मुलगी आहे," घार म्हणाली. "आधीची बरी होती. हिला चिठ्ठ्या लावताना आपण जवळ उभे राहिलेलं चालत नाही."

नवरा हात मागे बांधून उभा राहिला. खरंच स्थिर. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कपाटातली हवा पायांवर येत होती.

"ऐक. फोन येईल आता. मी काय सांगू?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुला विचारतेय."

"मीही तुलाच विचारतोय."

"तुला जायचं नाहीये का?"

"मी तसं म्हटलंय का?"

"मग जायचंय?"

"तसंही म्हटलेलं नाही."

"अहो, कुणीतरी काहीतरी म्हणा," घार कपाटाकडे बघतच म्हणाली. "आम्हीही ऐकतोय."

मी आवाज खाली आणला. "अडचण काय आहे ते तरी सांग. तुझं काम कुठूनही होतं. तिथेही दुकानं आहेत, तिथेही माल उरतो."

"उरत असेल," तो म्हणाला. मला वाटलं, आता सांगेल. "पण इथलं मला माहितेय ना. कोपऱ्यावरचा बेकरीवाला कधी ब्रेड बाहेर काढतो, भाजीवाली कुठल्या दिवशी टोपली झटकते. तिथे सगळं नव्याने. आणि तू तर..."

"मी काय?"

"तू तर तिथे दिवसभर..."

तेवढ्यात चिठ्ठीवाली आली. कमरेला पिवळ्या चिठ्ठ्यांचं यंत्र, डोळ्यांत दिवसभराचा थकवा. "मागे व्हा सगळे. अजून लावलेल्या नाहीत," ती म्हणाली. सगळे अर्धं पाऊल मागे झाले आणि लगेच पाऊण पाऊल पुढे आले. यंत्राचा टक्-टक् आवाज सुरू झाला. मी नवऱ्याकडे वळले तर शेजारी कुणी नव्हतं. त्याचं वाक्य तेवढं माझ्याजवळ लोंबकळत राहिलं होतं.

तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत, कोपरापर्यंत, क्रीमचे डबे रचलेले होते. वरचा डबा त्याने हनुवटीने धरला होता.

"घारीच्या हातून काढले," तो हनुवटी न हलवता म्हणाला.

"घरात क्रीम आहे. दुपारी तेच खाल्लं. एवढ्याचं करायचं काय?"

"बघू," तो म्हणाला.

मी फार चिडकी बाई नाही. प्रयोगशाळेत माझ्या हातून काचेचं भांडं फुटलं की मी आधी तुकडे मोजते. पण त्या "बघू"नंतर मी काही न बोलता तिथून निघाले, दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, आणि ताज्या ब्रेडच्या फळीवरून एक ब्रेड घेतला. कागदात गुंडाळलेला, अजून कोमट. चिठ्ठी नाही. तारीख चांगली लांबची. मी तो छातीशी धरून पैसे द्यायच्या रांगेत आले आणि नवऱ्याने ठेवलेल्या क्रीमच्या डब्यांच्या शेजारी सरकत्या पट्ट्यावर ठेवला.

नणंद रांगेजवळ गाडीची किल्ली बोटात फिरवत उभी होती. तिने ब्रेड पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ली फिरवायची थांबली.

"हा कशाला?" नवऱ्याने विचारलं. "याची तारीख तर लांब आहे."

"म्हणूनच."

"पण हा उद्याही विकला गेला असता. याला आपली गरज नाही."

"मला त्याची आहे," मी म्हणाले.

तेव्हा फोन वाजला. मोठ्या मॅडमच होत्या. मागे कुठेतरी गाड्यांचा आवाज येत होता, पण त्यांचे शब्द स्वच्छ होते.

"मी फार वेळ घेत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून स्वतःच फोन केला. तुमच्या मिस्टरांशी माझं बोलणं झालं होतं, दोन्ही वेळा. घरच्या अडचणी आहेत, थोडा वेळ द्या म्हणाले. मी दिला. पण आता माझ्या हातात नाही. दुसऱ्या एकांना विचारून ठेवलंय, ते तयार आहेत. तेव्हा तुमचं नाही असं मी धरते. मनाला लावून घेऊ नका."

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणाले, आणि फोन ब्रेडवर दाबून धरला.

"तू मॅडमशी बोललास?"

नवरा पट्ट्यावर डबे मांडत होता, सगळ्या चिठ्ठ्या एका दिशेला. त्याचा हात थांबला.

"अगं, दोन्ही वेळा तू आंघोळीला गेली होतीस. फोन वाजत होता. मुदत संपत होती, आणि आपलं तर काही ठरलं नव्हतं. मग मी वाढवून घेतली."

"काय वाढवून घेतलीस?"

"तारीख."

तो हे कुठल्याही कपटाशिवाय म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मला नेहमीचा, काहीतरी वाचवून आणल्याचा भाव दिसला.

"मला न विचारता?"

"तूच म्हणतेस ना, बहुतेक तारखा भीतीपोटी अलीकडे ठेवलेल्या असतात. त्यानंतरही माल चांगला असतो."

"मी ते तपासून म्हणते," मी म्हणाले. "दर काही दिवसांनी डबा उघडते, आत काय झालंय ते बघते, आणि मग म्हणते. तू एकदा तरी उघडून पाहिलंस? एकदा तरी मला विचारलंस, आत काय चाललंय?"

तो डब्यांकडे बघू लागला.

"आणि घरच्या अडचणी म्हणालास. कुठल्या?"

"हो, कुठल्या रे?" नणंद म्हणाली. "मला अडचण केलंस की काय?"

"ताई, तू थांब ना."

"मी थांबलेलीच आहे. ही अख्खी रांग थांबलीय."

आणि खरंच, पैसे घेणारी मुलगी क्रीमचा डबा हातात धरून आमच्याकडे बघत होती. मागे घार ट्रॉलीच्या दांड्यावर टेकली होती. "बाई, काय ते ठरवा," ती म्हणाली, पण पूर्वीइतकं खोचून नाही. "माझं चीज गरम होतंय."

नवऱ्याने एक डबा उचलला, खाली ठेवला, आणि अंगठ्याने त्याच्या चिठ्ठीचा वर आलेला कोपरा दाबला. कोपरा बसला नाही. त्याने पुन्हा दाबला.

"मला नाही म्हणायचं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "तुझं एवढं मोठं काम, मी कसा नाही म्हणणार? पण हो म्हणायचं तर... तिथे मी कोण गं? इथे मला निदान घार तरी ओळखते. मला वाटलं, थोडं थांबलं तर आपोआप काहीतरी होईल."

घारीने स्वतःचं नाव ऐकलं असावं. ती ट्रॉलीवरून सरळ झाली.

त्या क्षणी मला त्याची दया आली, हे खरं आहे. हाच माणूस एकटी केळी घरी आणतो. त्याला बिचाऱ्याला स्वतःलाच मागे राहून जायची भीती होती, आणि ती त्याने मला इतक्या उशिरा, इतक्या क्रीमसमोर सांगितली होती. घरी मशरूमच्या आधी सांगितली असती तर मी त्याचा हात धरला असता, रात्रभर बोलले असते. आम्ही दोघांनी मिळून काहीतरी मार्गही काढला असता. पण फोन माझ्या हाताखाली गरम होत होता, आणि आत मॅडम वाट बघत होत्या.

"आपोआप काय होतं, ते मला माहितेय," मी म्हणाले. "पगार घेऊन मी तेच बघत बसते. आपोआप जे होतं, त्याला खराब होणं म्हणतात."

त्याने मान खाली घातली. नणंदेने किल्ली मुठीत मिटून घेतली. मी फोन कानाला लावला. ब्रेडचा कागद थोडा फाटला होता आणि आतून वास येत होता.

"हं, बोला," मॅडम म्हणाल्या. "नाही असंच धरू ना?"

"नाही, मॅडम," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा आला, थंड कपाटापर्यंत गेला असावा. "तसं धरू नका. वेळ मी मागितला नव्हता, आणि आता मला तो नकोय. मी येते. बरोबर कोण येतं ते नंतर कळेल. मी येते."